हवामहलाला समोरून दार नाही

मराठी माणसाला जयपूर तीन गोष्टींमुळे माहीत असते : घराणे, रजई आणि पाय. घराणे अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरला घेऊन आले आणि पुढे आपण ते इतके आपलेसे केले, की त्याचे नाव जयपूर कसे, असा प्रश्न आता जयपूरकरांनाच पडावा. रजई आपण प्रवासातून आणतो, दुकानदाराने सांगितलेले तिचे ग्रॅममधले वजन चारचौघांत ऐकवतो आणि मे महिन्यात ती कुठल्या कपाटात कोंबायची यावरून घरात भांडतो. जयपूर फूट ही तर खरोखरच मोठी गोष्ट आहे, तिच्यावर विनोद करायचा नसतो. चौथी गोष्ट मात्र आपल्या यादीत कधी येत नाही. ती म्हणजे हिशेब. शेजारच्या शेखावाटीतून, पिलानीहून बिर्ला निघाले. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातून जमनालाल बजाज वर्ध्याला आले. ज्या मुलखाने अर्ध्या देशाचे जमाखर्च लिहिले, त्याच्या राजधानीत जाऊन आपण लाखेच्या बांगड्या घेऊन परततो.

माझे साडूभाऊ बदलीवर जयपूरला गेले आणि तिथलेच झाले. त्यांना छंद दोन. एक मराठी मंडळींच्या गणपतीचा आणि दुसरा शेअर बाजाराचा. गणपतीचा हिशेब ते डोळ्यांत तेल घालून तपासतात. मंडपवाल्याच्या बिलात दोनशे रुपये जास्त निघाले, तेव्हा त्यांनी कार्यकारिणीची खास बैठक लावली होती आणि खजिनदार अजून त्यांच्याशी तिळगुळापुरतेच बोलतो. हेच साडूभाऊ एखाद्या कंपनीत दोन लाख रुपये घालतात तेव्हा अध्यक्षांचा फोटो पाहतात. “चेहरा बघा. हा माणूस फसवणार नाही.” मला यात त्यांचा दोष वाटत नाही. आपण सगळेच भाजीवालीकडे सुट्या पैशांचा हिशेब मागतो आणि बाजारात पैसे टाकताना मुखचर्या वाचतो.

“पण तुम्ही वार्षिक अहवाल वाचता ना?” मी विचारले.

“वाचतो म्हणजे काय! पूर्ण वाचतो. अगदी झाडांपर्यंत.”

झाडे म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लावलेली रोपे. त्यांचे फोटो अहवालात साधारण चाळिसाव्या पानावर येतात. त्यानंतर आकडे सुरू होतात आणि साडूभाऊ थांबतात.

जयपूरला गेलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवामहल असतो. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली बांधवलेला, लालचंद उस्तादांनी आखलेला, पाच मजली, ९५३ झरोक्यांचा. फोटो नीट यावा म्हणून समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर कॅफे निघाले आहेत. तिथल्या कॉफीची किंमत कॉफीची नसून कोनाची असते. फोटो झाल्यावर माणसे रस्ता ओलांडून आत जायला निघतात आणि गोंधळतात. या महालाला समोरून दारच नाही. बाजूने वळसा घालून मागच्या अंगाने शिरावे लागते. शिरल्यावर कळते, की वरचे तीन मजले जेमतेम एका खोलीएवढ्या जाडीचे आहेत. रस्त्यावरून आपण ज्याला महाल समजत होतो, तो वरच्या अंगाला बराचसा दर्शनी भाग आहे.

वार्षिक अहवालही याच आराखड्यावर बांधतात. रस्त्याकडे तोंड करून रंगीत झरोके आणि आत जायची वाट मागे.

दर्शनी भागात पहिले येते ते अध्यक्षांचे पत्र. नफा झालेला असेल तर पत्रात दूरदृष्टी, शिस्त आणि ‘आमची माणसे’ येतात. तोटा झालेला असेल तर पाऊस, युद्ध आणि जागतिक परिस्थिती येते. कंपनी चांगली चालली ती कंपनीमुळे आणि बुडाली ती जगामुळे, हा सिद्धांत मी इतक्या पत्रांतून वाचला आहे, की जगाने एकदा स्वतःचा वार्षिक अहवाल काढून खुलासा करावा असे वाटते. मग येतात स्तंभांच्या आकृत्या. स्तंभ चढते असावेत असा दंडक आहे. विक्री चढती नसेल तर नफ्याचे स्तंभ, नफाही नसेल तर ग्राहकांचे आणि ग्राहकही घटले असतील तर लावलेल्या झाडांचे. त्यात २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा स्वतंत्र अहवाल जोडणे सक्तीचे झाले आहे. हेतू उत्तम आहे. परिणाम असा, की आकडे आणखी साठ पाने मागे सरकले आणि साडूभाऊंना झाडे ओलांडायची गरज उरली नाही.

झाडांशेजारी पुरस्कार असतात. सत्यम कॉम्प्युटर्सला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी-कारभाराबद्दल ‘गोल्डन पीकॉक’ म्हणजे सोन्याच्या मोराचा पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कळवले, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. अध्यक्षांच्या पत्रांमध्ये इतके सरळ, विशेषणमुक्त पत्र मी दुसरे वाचलेले नाही. जयपुरात मोर घराच्या गच्चीवर येतात आणि कुणी त्यांना पुरस्कार समजत नाही, ही जयपूरकरांची जमेची बाजू.

साडूभाऊंच्या इमारतीत तळमजल्यावर एक मुनीमजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सारी हयात जौहरी बाजारातल्या एका पेढीवर वह्या लिहिण्यात गेली. सकाळी ते खुर्ची टाकून उन्हात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातली पिशवी पाहून त्याचा महिना कसा चालला आहे ते ओळखतात. साडूभाऊंनी त्यांना एकदा मोठ्या उत्साहाने एका कंपनीचा अहवाल दाखवला. मुनीमजींनी तो उलटा धरला. म्हणजे अक्षरे उलटी नव्हेत. शेवटचे पान वर केले आणि मागून पुढे येऊ लागले. इंग्रजी त्यांना बेताचे, पण आकड्यांना भाषा लागत नाही. मधेच एके ठिकाणी थांबून त्यांनी विचारले, “मुनाफो तो ठीक, भाईसाब. रोकड़ कठै है?”

वित्तीय पत्रकांच्या विश्लेषणावरची जाडजूड पुस्तके मी चाळली आहेत. या तीन शब्दांपलीकडे त्यांत जे आहे ते बरेचसे उदाहरणार्थ आहे.

नफा हे कंपनीचे मत असते. सुशिक्षित, नियमांत बसणारे, पण मत. माल पाठवला आणि बिल फाडले, की विक्री झाली. पैसे आले की नाही हा प्रश्न नफा-तोटा पत्रक विचारत नाही. यंत्र दहा वर्षे टिकेल असे धरले तर घसारा एक निघतो, पंधरा वर्षे धरले तर दुसरा निघतो, आणि यंत्राला यातले काहीच माहीत नसते. म्हणून तिसरे पत्रक असते, रोकडप्रवाहाचे. धंद्यातून किती रोकड आली, मालमत्तेत किती गेली आणि कर्ज-भांडवलातून किती आली-गेली, असे त्याचे तीन कप्पे. पहिल्या कप्प्यातला आकडा आणि नफ्याचा आकडा पाच वर्षांसाठी शेजारी शेजारी मांडून बेरीज करावी. दोन्ही बेरजा एकमेकींच्या आसपास असतील तर बरे. नफा दर वर्षी वाढतो आहे आणि रोकड दर वर्षी आटते आहे असे दिसले, तर पैसे कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडे अडकले आहेत, गोदामात पडून आहेत, नाहीतर कधी नव्हतेच. सरकारी वीज कंपन्यांना, पाणीपुरवठा मंडळांना माल विकणारी कुठलीही कंपनी घ्या. तिच्या ताळेबंदात ‘येणी’ हा आकडा अनेकदा विक्रीच्या पुढे धावताना दिसतो. गिऱ्हाईक बुडवणारे नसते, फक्त त्याला घाई नसते.

मी मुनीमजींना सत्यमची गोष्ट सांगितली. इथे तर रोकडच खोटी होती, मग तुमचे सूत्र काय करणार? त्यांनी क्षणभर विचार केला नाही. इतकी रोकड बँकेत होती, तर व्याज किती आले, एवढेच विचारले. मी गप्प बसलो. राजूंच्या त्या पत्रात पुढचे कलम आहे : ३७६ कोटींचे मिळायचे राहिलेले व्याज दाखवले होते, तेही अस्तित्वात नव्हते. खोट्या मुदलाला खोटे व्याज लावावे लागले आणि ते हातात येणे शक्य नसल्यामुळे ‘येणे बाकी’ म्हणून लिहावे लागले. जगभरच्या विश्लेषकांना जे ठळकपणे दिसले नाही, ते उन्हात बसलेल्या माणसाने कागद न पाहता विचारले.

हल्ली नफ्याचाही एक उत्साही धाकटा भाऊ निघाला आहे, एबिटडा. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. व्याज बँकेचे, कर सरकारचा, घसारा यंत्राचा; या तिघांनाही काही द्यायचे नाही असे ठरवले की जे उरते ते एबिटडा. तेही शोभेनासे झाले तर ‘समायोजित’ एबिटडा असतो. त्यात कंपनीला जे खर्च आवडले नाहीत ते काढून टाकतात. मुनीमजींना मी हे समजावले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

आता टिपा. ताळेबंद दोन पानांचा असतो आणि त्याखालच्या टिपा शंभर पानांच्या. कंपनीला जे सांगायचे असते ते ताळेबंदात येते आणि जे कायद्याने सांगावेच लागते ते टिपांत. टिपा न वाचता ताळेबंद वाचण्याचे काय होते, याची गोष्ट राजस्थानात घरोघर माहीत आहे. जुन्या वह्या महाजनी लिपीत, ज्याला मुडिया म्हणत, लिहिल्या जात. या लिपीत मात्रा-वेलांट्या देत नसत. वेळ कोणाला होता! एका पेढीवरून घरी पत्र आले. लिहिणाऱ्याला म्हणायचे होते, काकाजी अजमेर गया. मात्रा नसल्यामुळे घरच्यांनी वाचले, काकाजी आज मर गया. घरात रडारड झाली, सुतकही सुरू झाले म्हणतात, आणि काकाजी अजमेरला जेवत होते. आपली मोडी तरी काय वेगळी! तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ज्या लिपीत पैशाचे व्यवहार चालत त्या सगळ्या लिप्यांना घाई असायची. आजचे ताळेबंद सुवाच्य इंग्रजीत छापलेले असतात, तरी काकाजी नक्की कुठे गेले आहेत हे कळायला टीप क्रमांक ३७ उघडावी लागते.

टिपांमधले माझे आवडते सदर ‘आकस्मिक देणी’. म्हणजे अशी देणी, जी कदाचित द्यावी लागतील, कदाचित नाही. म्हणून ती ताळेबंदात धरलेली नाहीत, पण तुमच्या कानावर घातली आहेत. करखात्याशी चालू असलेले वाद, कोर्टातले दावे, भावाच्या कंपनीसाठी दिलेली हमी. मराठी माणसाला जयपूरचे हे सदर इतिहासात भेटलेले आहे. सवाई जयसिंह १७४३ साली गेले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या दोन मुलांत गादीचा तंटा लागला. मराठ्यांनी कधी एकाची, कधी दुसऱ्याची बाजू घेतली आणि दोघांकडूनही रकमा कबूल करून घेतल्या. एकाच गादीवर दोन्ही पक्षांकडून येणे बाकी! पण कबुली देणे वेगळे आणि तिजोरीत रक्कम असणे वेगळे. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर फौजेसह वसुलीला आले, तेव्हा ईश्वरीसिंहांनी स्वतःचे आयुष्य संपवले, आणि जानेवारीत शहराने मराठ्यांचे शिरकाण केले. ही विनोदी लेखात घालायची हकीकत नव्हे. पण एखाद्या कंपनीने आपल्या साऱ्या भांडवलापेक्षा मोठी हमी दुसऱ्यासाठी देऊन ठेवली आहे, असे बारीक टायपात दिसले की मला तीच आठवते.

दुसरे वाचनीय सदर ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’. इथे चिरंजीव, सूनबाई, मेहुणे आणि त्यांच्या मालकीच्या कंपन्या भेटतात. कंपनीने कचेरीसाठी भाड्याने घेतलेली जागा कुणाची, कर्ज दिले ते कुणाला, सल्लागाराची फी कुणाच्या घरात गेली, हे सगळे तिथे असते. मराठी कौटुंबिक मालिकांना कथानक कमी पडत असेल तर त्यांनी हे सदर जरूर चाळावे.

साडूभाऊंनी एक दिवस एयू बँकेचा ताळेबंद उघडला आणि घाबरून मला फोन केला. एयू ही जयपूरचीच. संजय अग्रवाल या सीएंनी १९९६ साली सुरू केलेली, आधी वाहनकर्जे देणारी कंपनी, एप्रिल २०१७ मध्ये लघुवित्त बँक झाली. नावातले ‘एयू’ हे सोन्याचे रासायनिक चिन्ह. साडूभाऊंची घाबरण्याची जागा वेगळीच होती. “अहो, आमच्या हिची एफडी यांनी ‘देणी’मध्ये टाकली आहे! आणि कुणी ट्रकसाठी कर्ज नेले ते ‘मालमत्ते’त!”

मी म्हटले, तसेच असते. मेहुणीबाईंचे पैसे बँकेला परत करायचे आहेत, म्हणून ते देणे. ट्रकवाल्याकडून पैसे यायचे आहेत, म्हणून ती मालमत्ता.

“म्हणजे ठेवणारे आम्ही ओझे आणि नेणारा तो संपत्ती?”

सबंध बँकिंगची याहून नेटकी व्याख्या मला माहीत नाही. म्हणूनच कारखान्याला लावायची गुणोत्तरे बँकेला लावायची नसतात. कारखान्याच्या डोक्यावर भांडवलाच्या आठपट कर्ज असेल तर लोक दूर पळतात. बँकेला तेवढी देणी असणे हा तिचा धंदाच आहे. बँकेत पाहायचे ते हे, की मालमत्ता म्हणून लिहिलेला ट्रकवाला हप्ता भरतो आहे की नाही. नव्वद दिवसांच्या वर थकला, की तो अनुत्पादक ठरतो. असे किती, आणि त्यांच्यासाठी नफ्यातून आधीच किती बाजूला काढले आहेत, हे दोन आकडे पाहावेत. बँका इतर आकडे मोठ्या अक्षरांत छापतात.

जयपूरच्याच वैभव ग्लोबलचा अहवाल वेगळी गंमत शिकवतो. कारभार सीतापुरा औद्योगिक वसाहतीतून आणि गिऱ्हाईक अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत. तिथल्या घरबसल्या बायकांना टीव्हीवरून आणि इंटरनेटवरून दागिने विकतात. अमेरिकेत ‘शॉप एलसी’ आणि ब्रिटनमध्ये ‘टीजेसी’ या नावाने. अशा कंपनीच्या अहवालात दोन ताळेबंद असतात, एकल आणि एकत्रित. २०२३-२४ मधली एकत्रित विक्री तीन हजार कोटींच्या पुढची. एकट्या जयपूरच्या कंपनीची तिच्या लहानशा हिश्श्याएवढी. साडूभाऊंना वाटले, बाकीची विक्री लपवली. लपवलेली नसते. जयपूरहून आपल्याच अमेरिकी उपकंपनीला माल गेला की एकल हिशेबात ती विक्री धरतात. एकत्रित हिशेबात ती पुसली जाते आणि टेक्सासच्या स्टुडिओतून दाखवलेली अंगठी कुणा परक्या माणसाने विकत घेतली, की तेव्हाच विक्री मोजतात. म्हणून ज्या कंपनीला उपकंपन्या आहेत तिचे एकत्रित पत्रक आधी वाचावे. स्वतःच्याच घरात माल विकून मोठे दिसायची इच्छा देशात बऱ्याच जणांना झाली आहे आणि एकत्रित पत्रक हा तिच्यावर निघालेला उतारा आहे.

जवाहिराच्या धंद्यात हिशेबनिसाचा खरा कस लागतो तो शिलकी मालात. झांबिया, ब्राझील, कोलंबियातून येणारा कच्चा पन्ना जयपुरात कापला जातो. नियम असा, की शिलकी माल खरेदीची किंमत किंवा विकून येणारी किंमत, यांतली जी कमी असेल ती धरून लिहावा. सिमेंटच्या पोत्याला हा नियम कुणीही लावेल. पन्न्याला कोण लावणार? पन्न्यात चिरा असतात, चिरांत तेल भरण्याची जुनी रीत आहे, आणि तेल भरलेला व न भरलेला पन्ना यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. ऑडिटर खडे मोजू शकतो, वजन करू शकतो. किंमत सांगायला त्याला शेवटी जौहरीच बोलवावा लागतो. मुनीमजी म्हणाले, आमच्या पेढीवर दिवाळीला वही बदलायची तेव्हा शेठजी खडा उन्हात धरून आकडा सांगत, मी लिहून घेई. सोबत ‘शुभ लाभ’ असेच. पुढे आयकरासाठी एप्रिल ते मार्च हेच वर्ष सगळ्यांना लावले गेले, १९८९ पासून, आणि दिवाळीच्या वहीला पूजेपुरते स्थान उरले. मुनीमजींच्या मते लक्ष्मीला मार्च महिन्यात यायची सवय नाही. जयपूरचा ३१ मार्चचा उन्हाळा पाहता मलाही ते पटते.

३१ मार्चचे आणखी एक असे, की ताळेबंद त्या एका रात्रीचा फोटो असतो. फोटो काढायचा म्हटले की माणूस केस विंचरतो. ३० तारखेला कर्ज फेडायचे, २ एप्रिलला परत घ्यायचे. मार्चअखेर दुकानदारांच्या गळ्यात माल मारून विक्री फुगवायची आणि एप्रिलमध्ये तो परत घ्यायचा. म्हणून वर्षभराचा व्याजाचा खर्च पाहावा. मार्चअखेर कर्ज नाममात्र दिसते आणि व्याज मात्र भरघोस आहे, असे असेल तर उरलेले ३६४ दिवस केस विस्कटलेलेच होते.

एवढे सगळे तपासायला ऑडिटर नेमलेला असतोच की, असे साडूभाऊ म्हणतात. असतो. जयपुरात तर सीएंची वाण नाही. गोपालपुरा बायपासवर शिकवण्यांचे फलक आणि त्यांवर गुणवंतांचे हसरे चेहरे यांची रांग लागलेली दिसते. यांतले किती जण पुढे पुन्हा तसे हसतात, हा अभ्यासाचा विषय आहे. पण ऑडिटरची भाषा समजून घ्यावी लागते. तो ‘हिशेब बरोबर आहेत’ असे कधी म्हणत नाही. ‘आमच्या मते’ ते सत्य व वाजवी चित्र देतात, म्हणतो. तो रागावतो तेही अतिशय सभ्यपणे. ‘आम्ही टीप क्रमांक ४२ कडे लक्ष वेधतो, या बाबतीत आमच्या मतात बदल नाही’, असे लिहिले की समजावे, रात्री त्याला झोप लागलेली नाही. ‘मर्यादित मत’ दिले, तर तो ओरडला आहे. आणि मुदत संपायच्या आत ‘इतर कामांच्या व्यापामुळे’ राजीनामा देऊन निघून गेला, तर आपणही चपला शोधाव्यात. कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीला दर दहा वर्षांनी ऑडिटर पेढी बदलावीच लागते. तो बदल निराळा. अवेळी जाणारा पाहुणा यजमानाबद्दल काहीतरी सांगत असतो.

साडूभाऊंना आता सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायची इच्छा झाली आहे. पूर्वी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागाराच्या बाहेर सभेच्या दिवशी भागधारकांची जी गर्दी असे, तिच्यातल्या पुष्कळांचा प्रश्न वड्याबरोबर चटणी कोणती एवढाच असे. २०१५ मध्ये कंपनी सचिवांच्या संस्थेने सभेत भेटवस्तू वाटायला मनाई करणारे मानक लागू केले आणि भागधारकांची ज्ञानलालसा एकदम ओसरली. आता बहुतेक सभा व्हिडिओवर होतात. बोलायचे असेल तर आधी नाव नोंदवावे लागते, तीन मिनिटे मिळतात, आणि पहिले सहा वक्ते अध्यक्षांचे अभिनंदन करून दिवाळीच्या शुभेच्छा ऑगस्टमध्ये देतात. सातवे आपले साडूभाऊ असतील. त्यांनी प्रश्न तयार केला आहे : पाच वर्षांत नफा एवढा, धंद्यातून आलेली रोकड एवढी, फरक कुठे आहे? मुनीमजींनी तो ऐकला आणि मान डोलावली. मी फक्त सुरुवातीचे ‘आदरणीय, दूरदर्शी’ काढायला सांगितले. ते त्यांनी काढले नाही.

बहुतेक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकाव्या लागतात आणि अहवाल किमान २१ दिवस आधी पाठवावा लागतो, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तो तुमच्या ईमेलमध्ये पडलेला असेल. आधी ऑडिटरचे पत्र, मग रोकडप्रवाह, मग येणी, मग संबंधित पक्ष, मग आकस्मिक देणी. अध्यक्षांचे पत्र शेवटी वाचा. आकडे माहीत असताना ते फार मनोरंजक वाटते. आणि हे सगळे वाचून झाल्यावर साडूभाऊंसारखे “मग घेऊ का शेअर?” असे कुणाला विचारू नका. कंपनी कशी आहे ते ताळेबंदात सापडते. तिचा शेअर आज ज्या भावाने मिळतो आहे तो भाव योग्य आहे का, हे ताळेबंदाच्या कुठल्याही टिपेत दिलेले नसते.